न उघडलेल्या दाराचा एक तारा

"ज्याला चोरी येते पण जो करत नाही, त्याला किल्लीवाला म्हणतात." स्वतःच्या धंद्याविषयी किल्लीवाले एवढंच बोलत, आणि बोलून झालं की पेटी उचलून चालायला लागत. लोखंडी पेटी, तिच्यात कानशी, तारांचे आकडे, न कापलेल्या किल्ल्यांचा जुडगा, तेलाची बाटली आणि एक मऊ फडकं. एवढ्या संसारावर त्यांनी जन्मभर लोकांची दारं उघडली, कपाटं उघडली, एकदा तर बाथरूममध्ये अडकलेला नवरदेव ऐन मुहूर्तावर बाहेर काढला. पण कुणाच्या घरातली काडी इकडची तिकडे झाली, असं त्यांच्याबद्दल कधी कुणी बोललं नाही.

त्यांचा एक नियम होता. तो त्यांच्या वडिलांचा, म्हणजे थोरल्या किल्लीवाल्यांचा. दार उघडायला बोलावणारा बाहेर उभा असतो. पण दार ज्याचं आहे तोही बाहेरच असेल, असं नाही. म्हणून आधी कडी वाजवायची. आतून कुणी ओ दिली नाही तर शेजारची बेल वाजवायची. शेजारी बाहेर येऊन "हो, यांचंच घर आहे हे" म्हणाला, की मगच कुलपाला हात लावायचा. गिऱ्हाईक वकील असो की डॉक्टर, शेजाऱ्याशिवाय पेटीचं झाकण उघडत नसे.

या नियमापायी हसंही व्हायचं. एकदा त्यांच्या स्वतःच्याच घराची किल्ली आत राहिली. बायको तेव्हा हयात होती. ती भाजीची पिशवी घेऊन जिन्यात उभी, आणि हे महाशय शेजारच्या मास्तरांची बेल वाजवताहेत! मास्तर अंगाला साबण लागलेल्या अवस्थेत, टॉवेल सावरत बाहेर आले. "मास्तर, हे घर माझंच ना?" असं किल्लीवाल्यांनी गंभीरपणे विचारलं, मास्तरांनी "दुर्दैवाने हो" असं सांगितलं, आणि मग यांनी कुलूप उघडलं. बायको पुढे कितीतरी दिवस ही गोष्ट पाहुण्यांना सांगत होती.

पुढे रस्ता रुंद झाला आणि चौकातली त्यांची टपरी गेली. टपरी गेली तशी ओळखीची गिऱ्हाइकंही पांगली. मुलगा बोटीवर नोकरीला, वर्षातला बराच काळ समुद्रावर. घरात किल्लीवाले आणि सून, दोघंच. सून दातांच्या दवाखान्यात समोरच्या टेबलावर बसायची. पेशंटना वेळा देणं, फोन घेणं, आणि डॉक्टरांबद्दल लोकांनी इंटरनेटवर जे बरंवाईट लिहिलं असेल त्याला उत्तरं देणं ही तिची कामं. तिला त्या दुनियेची नाडी ठाऊक होती. तिनेच सासऱ्यांचं नाव घरपोच कामवाले पुरवणाऱ्या एका ॲपवर घातलं.

नाव घालताना त्या ॲपने काय काय मागितलं म्हणता? चेहऱ्याचा फोटो समोरून, फोटो बाजूने, अंगठा, राहत्या घराचा पुरावा, चारित्र्याचा दाखला, ओळख देणारी माणसं. एवढी चौकशी किल्लीवाल्यांच्या लग्नाच्या वेळीही झाली नव्हती. फोटोत हसरं दिसायला हवं म्हणून सुनेने त्यांना हसायला लावलं, आणि तो फोटो असा आला की दवाखान्यातल्या बाईंनी विचारलं, "यांची कुठली दाढ दुखतेय?"

आणि हे सगळं देऊन-घेऊन जो दार उघडायला बोलावणार, त्या गिऱ्हाइकाकडून ॲप काय मागत होतं? फोन नंबर. आणि पत्ता, तोही त्याने टाइप केलेला. टाइप केला की झाला तो घरमालक! हे किल्लीवाल्यांच्या तेव्हाच लक्षात आलं होतं. ते सुनेला म्हणालेही, "अगं पोरी, हा तर उलटाच कारभार झाला." ती म्हणाली, "बाबा, सगळीकडे असंच असतं." मग त्यांनीही ते सोडून दिलं. आपला नियम आपल्याजवळ आहे, मग ॲपने विचारलं काय अन् न विचारलं काय, असा त्यांचा हिशेब.

कामं येऊ लागली. गिऱ्हाइकांनी दिलेले तारेही येऊ लागले. किल्लीवाले वरवर त्या ताऱ्यांना नाकं मुरडत, पण रात्री जेवताना हळूच विचारत, "आज काय म्हणतायत मंडळी?" सून वाचून दाखवायची. "सज्जन माणूस. शेजाऱ्याला बोलावल्याशिवाय कुलपाला हात लावला नाही, बरं वाटलं." हे ऐकताना ते ताटाकडे बघत राहत आणि पोळी उगाचच जास्त वेळ मोडत. पुढे पुढे तर निघताना गिऱ्हाइकाला "तेवढं ताऱ्यांचं बघा हं" असं म्हणायची सवयही त्यांना लागली. म्हणायचे, आणि जिना उतरताना स्वतःवरच चिडायचे. उभ्या जन्मात कुणाकडे शाबासकी मागितली नव्हती या माणसाने.

त्या दुपारी बोलावणं आलं ते तिसऱ्या मजल्यावरच्या एका घराचं. लिफ्ट बंद होती. जिन्याच्या वरच्या पायरीवर एक गृहस्थ उभा होता. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट, बोलणं तर साखरेत घोळलेलं. "या काका, या. तुम्हाला त्रास झाला. काय करणार, किल्ली आतच राहिली."

किल्लीवाल्यांनी पेटी खाली ठेवली आणि त्यांना उंबऱ्याजवळ लाकडाचा भुसा दिसला. ताजा. कुलूप कोरं करकरीत. ज्याने काल-परवा कुलूप बसवून घेतलं त्याच्याकडे एकही किल्ली नाही? असेल, नसेलही, माणूस धांदरट असू शकतो. त्यांनी कडी वाजवली. कुणी ओ दिली नाही. मग ते शेजारच्या दाराकडे वळले.

"तिकडे कशाला?" गृहस्थ म्हणाला.

"रीत आहे साहेब. दोन मिनिटं."

"त्या बाईंना कमी ऐकू येतं. राहू द्या. घड्याळ चालू आहे ना तुमच्या ॲपवर?"

घड्याळ चालू होतं, हे खरंच होतं. किल्लीवाल्यांनी बेल वाजवली. साखळी न काढताच दार किलकिलं झालं आणि पांढऱ्या केसांच्या एका मावशींनी आधी यांना पाहिलं, मग यांच्या मागे उभ्या असलेल्या इस्त्रीच्या शर्टाला.

"मावशी, हे घर या साहेबांचं का?"

मावशींना मुळीच कमी ऐकू येत नव्हतं. "घर तिचं आहे," त्या म्हणाल्या. "याला तिने घराबाहेर काढलंय. म्हणून तर कुलूप बदललं. उघडू नका हो." एवढं बोलून त्यांनी दार लावून घेतलं. साखळी होतीच, वर आतला अडसर सरकवल्याचाही आवाज आला.

किल्लीवाल्यांनी पेटी उचलली. साखर तिथेच संपली. "ए," गृहस्थ म्हणाला, "बायको आहे ती माझी. मी बोलावलंय तुला. उघड."

"बाईंना येऊ द्या. त्यांनी सांगितलं की फुकट उघडतो."

"एक तारा देईन. एक! असं लिहीन की पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही."

पूर्वी लोक पोलिसांची भीती घालत, हल्ली ताऱ्यांची घालतात. किल्लीवाले जिना उतरले. खाली येईपर्यंत त्यांना बरंच वाटत होतं. वडील असते तर पाठीवर थाप मारली असती, असंही मनात येऊन गेलं.

संध्याकाळी सुनेने फोन पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. तिने वाचायचं टाळलं, त्यांनी वाचायला लावलं. "अत्यंत उद्धट माणूस. कुलूप उघडता येईना म्हणून खोटी कारणं सांगितली. मला माझ्याच दारात चोर ठरवलं. शेजाऱ्यांसमोर अपमान केला. याची नजर सामानावर असते, घरात घेऊ नका."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. पहिली वाक्यं किल्लीवाल्यांनी गिळली असती. पण ते शेवटचं? ज्याने जन्मभर लोकांच्या कपाटांसमोर बसून नजर फक्त कुलपाच्या भोकात ठेवली, त्याच्या नजरेवर बोट! त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि तेवढ्यात ॲपचा निरोप आला: तुमच्या विश्वासार्हतेची तपासणी सुरू आहे, तोपर्यंत खातं बंद.

किल्लीवाल्यांनी मदतीच्या नंबरला फोन लावला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी.

"सर, तुम्ही दार उघडलं का?"

"नाही. उघडायचं नव्हतंच ते."

"म्हणजे काम पूर्ण झालं नाही. कारण सांगा, सर. अवजार नव्हतं, कुलूप नादुरुस्त होतं, की ग्राहक गैरहजर होता?"

"अहो, घर त्याचं नव्हतं! शेजारच्या मावशींना विचारा."

"सर, त्या आपल्या ग्राहक आहेत का?"

"नाहीत."

"मग त्यांचं मत घेता येत नाही, सर. तुमच्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

बघा म्हणजे! ज्याच्यासाठी दार उघडलं तो तारे देऊ शकतो, आणि ज्याच्यासाठी नाही उघडलं तोही देऊ शकतो. पण जिच्यासाठी ते दार बंद राहिलं, जिचं घर वाचलं, तिला मत नाही. तिला तर असा कुणी किल्लीवाला येऊन गेला हेही माहीत नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी देणारे पूर्वीही होते, पण निदान ते संन्याशाला चेहऱ्याने ओळखत तरी.

बातमी पसरायला वेळ लागत नाही. मुलींच्या वसतिगृहाची सगळी कुलपं त्यांनीच बसवलेली. तिथल्या व्यवस्थापक बाई रस्त्यात भेटल्या. "काय हो, ते काय लिहिलंय तुमच्याबद्दल?" असं हसत हसत विचारलं, आणि हसत हसतच म्हणाल्या, "आमच्याकडे यंदा नवी कुलपं बसवायचं चाललंय, कंपनीच करून देणार आहे म्हणे." वर्षानुवर्षं ज्यांच्या पोरी यांच्या हातच्या कुलपांमागे निर्धास्त झोपल्या, त्या बाईंचा एका अनोळखी माणसाच्या चार ओळींवर विश्वास बसला. आणि का नाही बसणार? ते छापलेलं होतं ना! हल्ली काहीही छापून आलं की झालं.

किल्लीवाले घरी बसले. खिडकीशी बसायचे आणि पेटीतली अवजारं काढून पुसायचे, पुसलेली परत पुसायचे. सून कामावरून आली की त्यांना तिथेच पाहायची.

मग एका सकाळी फोन किणकिणला. खातं सुरू झालं होतं! "बघितलंस?" ते लहान मुलासारखे ओरडले. "तपासणी केली त्यांनी. सत्य पालथं घातलं तरी बाहेर येतंच."  सून चहा गाळत राहिली.

त्यानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या कामाला ते एका तरुण बाईंच्या दारात उभे होते. नेहमीप्रमाणे शेजाऱ्याची बेल वाजवायला वळले, तर बाई म्हणाल्या, "अहो काका, तुम्ही तर लिहिलंयत ना, की आता असं करणार नाही म्हणून?"

"मी? कुठे?"

त्यांनी फोन समोर धरला. एका ताऱ्याच्या त्या मजकुराखाली, दाढ दुखणाऱ्या फोटोशेजारी, लिहिलेलं होतं: "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल मनापासून दिलगीर आहे. चूक माझी होती. पुढच्या वेळी असं होणार नाही."

किल्लीवाल्यांनी ते वाचलं. मग परत वाचलं. त्या बाईंचं दार त्यांनी उघडलं, शेजारी बोलावूनच उघडलं, आणि ताऱ्यांविषयी काही न बोलता घरी आले. सून येईपर्यंत ते दारातल्या स्टुलावर बसून होते.

"सूनबाई." एरवी ते तिला पोरी म्हणत. सूनबाई म्हटलं की तिला कळायचं. "ते तू लिहिलंस?"

तिने चप्पलही काढली नव्हती. "हो. माफी लिहिली की खातं सोडतात, बाबा. त्यात काय एवढं? मी दवाखान्यात रोज लिहिते. कुणाची दाढ दुखली तरी लिहायचं, नाही दुखली तरी लिहायचं. तिथे कुणी खरं समजत नाही त्याला."

"पुढच्या वेळी असं होणार नाही, म्हणजे काय? पुढच्या वेळी मी ते दार उघडणार?"

"बाबा, नुसते शब्द आहेत ते!"

"त्याचा एक तारा मी पचवला असता. तो खोटारडा आहे, त्याला काय? पण चूक माझी होती असं माझ्या नावाने, माझ्याच घरातून? नाक घासलंस माझं, तेही त्याच्या बुटांपुढे!"

आता सुनेचाही बांध फुटला. "मग काय करू? तुम्ही त्या खिडकीत बसून तीच कानस दहादा पुसता, ते बघत राहू? तुमच्या मुलाला काय सांगू फोनवर? मला नाही बघवलं, म्हणून लिहिलं." आणि ती दारातच रडायला लागली.

 तिचं चुकलं होतं आणि तिची मायाही खरी होती. अशा माणसाला काय बोलायचं? त्यांनी फोन हातात घेतला आणि उगाच खाली सरकवत राहिले. तेव्हा त्या गृहस्थाच्या नावावर बोट पडलं आणि त्याने लिहिलेलं बाकीचंही उघडलं. त्याच गृहस्थाने त्याच ॲपवर आणखी एका किल्लीवाल्याबद्दल लिहिलं होतं. "याला म्हणतात काम! आला, उघडलं, गेला. एकही फालतू प्रश्न नाही. पाच तारे."

दुसऱ्या दिवशी ते तिसऱ्या मजल्यावर गेले. उंबऱ्याजवळचा भुसा कुणीतरी झाडून टाकला होता. त्यांनी मावशींची बेल वाजवली. त्यांना ओळखताच मावशींनी या वेळी साखळी काढली.

"उघडलं हो दार," त्या म्हणाल्या. "तुम्ही गेलात आणि दुसरा आला. ती कामावर. संध्याकाळी दमून आली, तर हा आत पाय पसरून बसलेला. चहा टाक म्हणाला. ती तश्शी पाठमोरी झाली आणि अंगावरच्या कपड्यांनिशी निघून गेली."

"आणि पोलीस?"

"आले होते ना. त्याने मोबाइलवर पावती दाखवली. नाव त्याचं, पत्ता हा. रीतसर माणूस बोलावून उघडलंय म्हणाला. पोलीस म्हणाले, नवरा-बायकोचं भांडण आहे, घरात मिटवा."

ही त्या ॲपची किमया! त्याने स्वतः टाइप केलेला पत्ता, तोच त्याच्या हक्काचा पुरावा. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, आणि वर त्या कुत्र्याला विचारलं जातंय की दळण कसं वाटलं, किती तारे देशील?

मावशी पदराशी चाळा करत होत्या. "मी घरातच होते हो. पण त्या दुसऱ्याने बेलच वाजवली नाही. मला कुणी विचारलंच नाही. मी आपणहून बाहेर यायला हवं होतं का?"  किल्लीवाल्यांनी एका कागदावर स्वतःचा फोन नंबर लिहून दिला आणि म्हणाले, त्या बाईंची गाठ पडली तर द्या.

घरी येऊन त्यांनी सगळं सुनेला सांगितलं. "चहा टाक म्हणाला" इथे आल्यावर तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. मग फोन घेतला आणि माफी पुसून टाकली. तिच्या जागी काय लिहायचं हे तिने विचारलं नाही, त्यांनी सांगितलंही नाही. तिने लिहिलं: "घर तुमचं नव्हतं. म्हणून मी दार उघडलं नाही. पुन्हा बोलावलंत तरी उघडणार नाही." लिहून झाल्यावर तिने ते त्यांना वाचून दाखवलं.

"यात एक चूक आहे," किल्लीवाले म्हणाले.

"कुठली?"

"त्याला तुमचं काय म्हणतेस? तुझं म्हण."

दोघंही हसली. दुसऱ्या दिवशी खातं कायमचं बंद झालं. कारण दिलं होतं: ग्राहकाशी असभ्य भाषा. तो पाच ताऱ्यांचा दुसरा मात्र त्या ॲपवर अजून सगळ्यात वरच्या ओळीत आहे, शोधून बघा. हसरा फोटो आहे.

पाऊण महिना गेला असेल, एका बाईंचा फोन आला. आवाज दबका. "मावशींनी नंबर दिला. त्या दिवशी उघडलं नाही ते तुम्हीच ना? मला एक कुलूप बसवायचंय."

शहराच्या दुसऱ्या टोकाला, लांबलचक व्हरांड्याच्या शेवटी एक खोली. आत एक चटई, एक पिशवी, खिडकीत वाळत घातलेला एक पोशाख. किल्लीवाले पेटी उघडता उघडता थांबले. "इथले शेजारी?"

"मी कुणाला ओळखत नाही इथे," बाई म्हणाल्या. "मला कुणी ओळखू नये, म्हणूनच तर इथे आलेय."

 किल्लीवाल्यांनी कुलूप बसवलं, भुसा स्वतः झाडला, सगळ्या किल्ल्या मोजून बाईंच्या हातात ठेवल्या. "तुम्हाला तारे कुठे द्यायचे असतात?" बाईंनी विचारलं. "ते दुकान बंद झालं," ते म्हणाले.

मग ते पेटी घेऊन व्हरांड्यात आले, पण जिन्याकडे वळले नाहीत. "जाऊ का यांच्याकडे तुम्हाला घेऊन?" त्यांनी शेजारच्या दाराकडे बोट करून विचारलं. बाईंनी आधी जिन्याकडे पाहिलं, मग त्या दाराकडे. शेवटी त्यांनी होकाराची मान हलवली आणि ओढणी नीट करून पुढे आल्या. किल्लीवाल्यांनी बेल वाजवली. हातात लाटणं घेतलेली एक बाई बाहेर आली.

"ताई, या इथे राहतात. ही खोली यांची, एकट्यांची," किल्लीवाले म्हणाले. "कधी कुणी हे दार उघडायला आलं, तर त्याला सांगा. आणि त्याने विचारलं नाही, तरी बाहेर येऊन सांगा."